त्याच रोपाचा फोटो

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणावर आवाज चढवला तर तुम्ही दचकायला नको. माहेरी सगळ्यांना एकच काळजी होती, हिला सासरी झेलणार कोण? झेललं माझ्या सासूबाईंनी. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची पद्धत, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते. या बाईंचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मी तोंडानं कधी बोलून दाखवले नाहीत. समोर बसून बोलायला गेले की आमचं दुसऱ्याच कशावरून तरी वाजतं. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढू.

आत्यांची नर्सरी सोलापूरच्या बाहेर, कुंभारीच्या अलीकडं. पाऊण एकर जागा, एक बोअर, हिरव्या जाळीचे दोन मांडव आणि काळ्या पिशव्यांत ओळीनं उभी असलेली रोपं. मागं दोन खोल्यांचं घर. माझे मिस्टर नववीत असताना सासरे वारले. त्याच्याही आधीपासून आत्या एकट्यानंच नर्सरी बघत होत्या. कलम बांधणं, माती कालवणं, पिशव्या भरणं, गिऱ्हाईकाशी बोलणं, सगळं स्वतः. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी मांडवात एक फेरी मारायच्या आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून काहीतरी पुटपुटायच्या. लग्नानंतर पहिले आठ दिवस मला वाटलं, देवाचं म्हणत असतील. एकदा कान देऊन ऐकलं तर त्या एका जास्वंदीला चक्क रागावत होत्या.

नर्सरी पूर्वी छान चालायची. रस्त्यावरच होती ना. एसटीतून माणूस उतरला की समोर फाटक, मंद्रूपच्या बाजारातून परतणारे ट्रॅक्टर दारात थांबायचे, कारवाले ब्रेक मारायचे. मग पूल झाला. वाहनं पुलावरून भुर्रकन निघून जायला लागली आणि आम्ही राहिलो खाली, पुलाच्या सावलीत. खालच्या रस्त्याला लागायचं तर बरंच अलीकडं वळावं लागतं, आणि ते वळण ज्याला माहीत त्यालाच सापडतं. दोन पावसाळे असे गेले. रोपं पिशव्यांतच मोठी व्हायला लागली, मुळं पिशवी फाडून जमिनीत जायला लागली. आत्या ती मुळं कात्रीनं कापायच्या आणि कापताना तोंड फिरवायच्या.

माझे मिस्टर टेंभुर्णीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत. तिथं त्यांना राहायला दोन खोल्या मिळाल्या होत्या. एका मे महिन्यातल्या रविवारी, जेवायला बसल्यावर, त्यांनी विषय काढला. म्हणाले, "आई, असं किती दिवस ओढायचं? दसऱ्यापर्यंत बघू. गिऱ्हाईक आलं तर आलं. नाही तर हे बंद करू आणि तिघंही टेंभुर्णीला राहू."

आत्यांनी घास खाली ठेवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं." एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू लग्नाआधी कंपुटर शिकवत हुतीस न्हवं? आपलं ते इंटरनेटवरचं पान हाय बघ. ते नीट कर की. लोकं म्हनं आता फोनवर बघूनच सगळीकडं जात्यात."

इथं मला एक खरं सांगायचंय. मला टेंभुर्णीला जायचं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांतले शनिवार-रविवार मोजले तर आमचा संसार किती झाला असता? कपडे धुवायचे, इस्त्री करायची, डबा बांधून द्यायचा की झाली सोमवारची पहाट. मनातल्या मनात मी त्या दोन खोल्यांत भांडीसुद्धा लावून टाकली होती. नर्सरी बंद पडावी असं मी देवाकडं मागितलं नाही, एवढी वाईट मी नाही. पण चालावी असंही मागितलं नाही. आणि आता ती चालवायची जबाबदारी येऊन पडली माझ्याच गळ्यात! घ्या.

वेबसाइट आधीपासून होती, कधीकाळी कुणाकडून तरी करून घेतलेली. उघडली की धबधब्याचं चित्र. सोलापुरात, धबधबा! त्याच्यावरून "सुस्वागतम" ही अक्षरं डावीकडून उजवीकडं पळायची. खाली "आमच्याकडे सर्व प्रकारची रोपे मिळतील" एवढं एक वाक्य. नकाशात बघावं तर आमची खूण बसलेली पुलावर. म्हणजे गिऱ्हाईकानं नकाशा लावून यायचं ठरवलं, तरी त्याला पुलाच्या मध्यावर गाडी थांबवून खाली उडी मारावी लागली असती.

मी एका दुपारी बसले आणि चार तासांत सगळं चकाचक करून टाकलं. धबधबा काढला. इंटरनेटवरून सुंदर सुंदर फोटो उचलले. निळ्या फुलांचे गुच्छ, मखमली हिरवळ, पांढऱ्या कुंड्यांची रांग, त्यात बसलेली गोरीपान मांजर. नकाशातली खूण खाली आणायची राहिली ती राहिलीच. काम केल्याचं दिसावं एवढंच मी केलं होतं. ते चालावं म्हणून केलं नव्हतं, आणि हा फरक मला करतानाच कळत होता.

पंधरा दिवसांनी एक कुटुंब कार घेऊन आलं. नवराबायको, दोन मुली. पुलाखाली तासभर भटकून घामाघूम झालेले. बाईंनी आल्या आल्या माझ्यापुढं फोन धरला. निळ्या फुलांचा गुच्छ. "ही द्या दोन." मी म्हटलं, सध्या नाहीयेत. "मग ही हिरवळ?" तीही नाही. "मग वेबसाइटवर कशाला लावलंय? लोकांना उन्हातान्हात बोलावून फसवता का?" माझं डोकं तापलंच. मी म्हटलं, फोटो म्हणजे फोटो असतो, हॉटेलाच्या पाटीवर असतं तसं ताटात मिळतं का कधी? त्यांचा नवराही मधे पडला, आवाज चढले. तेवढ्यात आत्या तांब्याभर पाणी घेऊन आल्या, मुलींना सावलीत बसवलं आणि त्या बाईंना हात जोडून म्हणाल्या, "चूक आमची हाय, ताई. ते झाड आमच्याकडं न्हाय. हितल्या उन्हात त्ये जगायचं बी न्हाय."

ती माणसं गेल्यावर आत्या माझ्याशेजारी बाजेवर बसल्या. म्हणाल्या, मला दाव ते पान. मी दाखवलं. एकेक फोटो त्यांनी फोन डोळ्याजवळ धरून बघितला.

"ही झाडं कुनाची हायती?"

"कुणाची म्हणजे? इंटरनेटवरची आहेत. सगळे असंच लावतात, आत्या."

"ज्येची हायती त्येला इचारलंस का?"

 मी फणकाऱ्यानं उठून आत गेले आणि भांडी आपटली. पण भांडी आपटून झाल्यावर बाहेर आले तर त्या अजून तिथंच बसलेल्या, फोन मांडीवर. म्हणाल्या, "आपल्या झाडांचे फोटू लाव. वंगाळ दिसली तर दिसू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो काढायला मांडवात गेले. कढीपत्त्याचा एक काढला आणि पुढं निघाले. आत्या मागून, "आगं, ह्येचा कुटं काढलास?" मी म्हटलं, कढीपत्त्याचा झाला की. "एकाचा झाला. बाकीची?" मी त्यांना समजावलं की एक फोटो सगळ्यांसाठी पुरतो, कढीपत्ता म्हणजे कढीपत्ता. त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की जणू मी एका पोराचा फोटो काढून सगळ्या शाळेला चिकटवायला निघालेय. "गिऱ्हाईक फोटूत एक बघंल आन आपन त्येला दुसरंच देनार? काल त्या ताई का भांडल्या मंग?"

"आत्या, ते वेगळं होतं!"

"कसं काय येगळं?"

मी हात टेकले. घ्या म्हटलं, काढू एकेकाचा. जून-जुलै माझी कंबर मोडली नुसती. प्रत्येक पिशवीपुढं उकिडवं बसायचं, फोटो काढायचा, वेबसाइटवर टाकायचा. आणि फोटोखाली नुसतं नाव लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. त्या शेजारी उभ्या राहून सांगायच्या आणि मी लिहायची. सुरुवातीला मी ते शुद्ध करून लिहीत असे. मग जिवावर यायला लागलं आणि त्या बोलतील तसंच टाकायला लागले. "लिंबू. डाव्या अंगाला कललंय, पन खोड लई दांडगं हाय." "मोगरा. अजून फुलला न्हाय. घाई करू नका." "जास्वंद, लाल. पानी कमी झालं की रुसती." "शेवगा. ह्येला लाड नकोत." नळाला पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात कुठलं रोप टिकेल आणि कुठलं नेऊच नये, तेही त्या सांगायच्या. तेही मी लिहिलं. एखादा दुकानदार आपल्याच मालाखाली "तुमच्याकडं बोअरचं खारं पानी असंल तर ह्ये नेऊ नका" असं लिहितो का? आम्ही लिहिलं.

यातून पुढचा घोळ. एखादं रोप विकलं गेलं की आत्या तडक माझ्याकडं. "त्येचा फोटू काढून टाक. ते गेलं." मी पोळ्या करत असले तरी. हात धुवून फोन घ्यायचा आणि तो एक फोटो पुसायचा. एकदा दिवसात सहा रोपं गेली आणि सहा वेळा मला उठवलं. सातव्यांदा त्या मंद्रूपच्या कुणा शेतकऱ्याला शेवगा देऊन आल्या आणि म्हणाल्या, पूस. मी म्हटलं, "नाही पुसणार! जगातली एकही नर्सरी असं करत नाही! राहू दे तो फोटो तिथंच!"

"मंग उद्या कुनी तेच मागितलं तर?"

"तर वाचतील की, गेलंय म्हणून!" आणि रागाच्या भरात मी शेवग्याच्या फोटोखाली लिहून टाकलं, मंद्रूपला गेलं. फोन त्यांच्यापुढं नाचवला. त्यांनी वाचलं. सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, वाचतात सावकाश पण नीट. माझ्या रागाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. "हां," म्हणाल्या, "ह्ये ब्येस झालं. म्हंजे कुटं गेलं ते बी कळतंय." आणि तेव्हापासून विकलेलं प्रत्येक रोप कुठं गेलं ते लिहायचं हा नियमच झाला. पाच मिनिटांचं माझं काम दहा मिनिटांचं झालं. स्वतःच्या तोंडामुळं.

हळूहळू फोन यायला लागले. आधी मला कळेना, ही माणसं काय विचारतायत. "ती रुसणारी जास्वंद आहे का अजून?" "घाई करू नका असं लिहिलेला मोगरा ठेवा, आम्ही रविवारी येतो." शहरातून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला, सोलापुरी हिंदीत, "वो टेढा लिंबू हई ना अब तक? किसी को देना नको, मैं आरी." आणि खरंच, रिक्षा करून आल्या. ओळीत सरळसोट वाढलेली वीस लिंबं उभी होती, त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. कललेल्या लिंबाजवळ गेल्या, फोन काढला, फोटो आणि झाड ताडून बघितलं आणि अशा खूश झाल्या की काय सांगू. जाताना आत्यांचा हात धरून म्हणाल्या, दुकानात झाड विकत मिळतं, पण कुणी ओळख करून देत नाही. त्यांच्या लिंबाखाली मी सोलापूरला गेलं असं लिहिलं, तर संध्याकाळी त्यांचाच फोन. सोलापूर काय लिहिता, आमच्या अंगणात गेलं असं लिहा. लिहिलं बाई, तसंच लिहिलं.

मग मंद्रूपच्या त्या शेतकऱ्यानं बांधावर लावलेल्या शेवग्याचा फोटो पाठवला. नवी पालवी फुटलेली. मागं त्यांची म्हैस. आत्यांनी तो दिवसभरात दहा वेळा बघितला. म्हणाल्या, ह्यो बी लाव की. मी लावला. त्यानंतर लोक आपणहोऊन पाठवायला लागले. कुणाच्या गॅलरीतली अबोली, कुणाच्या शाळेच्या आवारातलं सीताफळ. "गेलं" लिहिलेल्या फोटोशेजारी आता तिथं पोचलेल्याचा फोटो. लोक म्हणे नुसतं बघायलासुद्धा आमचं पान उघडायचे.

रस्त्याच्या बाबतीत मात्र माझंच मन मला खायला लागलं. तासभर भटकून घामाघूम झालेल्या त्या दोन मुली डोळ्यांपुढं यायच्या. एका सकाळी मी उठले, नकाशातली खूण पुलावरून खाली आणली, आणि मग आत्यांना घेऊन पुलाच्या अलीकडच्या वळणापर्यंत चालत गेले. तिथून घरापर्यंत त्या पुढं चालल्या आणि मी मागून व्हिडिओ काढला. पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी वळा, बोगद्यातून या, डाव्या हाताला पाण्याची टाकी. आत्या दर वीस पावलांनी मागं वळून, "या हिकडून, या," म्हणत होत्या. मी तो तसाच टाकला. त्या दिवसापासून वाट चुकलो म्हणून कुणाचा फोन आला नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी ते काम चालावं म्हणून केलं होतं. कधी माझं मन बदललं ते मला सांगता यायचं नाही.

पण एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली नाही. आत्या फोन मागायला लागल्या होत्या. आधी म्हणाल्या, फोटू कसा काढत्यात ते दाव. मग म्हणाल्या, तो वर कसा चढवत्यात ते दाव. मी म्हटलं, मी आहे ना, कशाला डोक्याला ताप? "न्हाय, दाव." मला शिकवायची सवय, पण अशी विद्यार्थिनी मला कधी भेटली नव्हती. एकच गोष्ट सतरा वेळा विचारायच्या. मी सोळाव्यांदा खेकसायची आणि सतराव्यांदा त्या शांतपणे परत विचारायच्या. त्यांच्या फोटोत कधी अंगठा यायचा, कधी साडीचा पदर, कधी झाड सोडून नुसती सावली. एका वहीत त्यांनी सगळं उतरवून घेतलं होतं. आधी हे दाबायचं, मग ते. दुपारी मी आडवी झाले की त्या पायरीवर बसून सराव करायच्या. मला वाटलं, हौस आहे, करू देत.

दसरा आला. आदल्या दिवसापासून फाटकात रांग. झेंडूची फुलं न्यायला आलेली माणसं रोपं घेऊन जात होती आणि रोपं न्यायला आलेली झेंडू. मिस्टर शनिवारी आले ते आल्या आल्या कुंड्या उचलायलाच लागले. घामानं शर्ट चिकटला, हाताला माती, आणि तरी तोंडभर हसू. मला हळूच म्हणाले, "एवढी माणसं मी आपल्या दारात शेवटची कधी बघितली ते आठवत नाही."  जिंकलो होतो, आणि मला कळत होतं की आता टेंभुर्णी संपली. पुन्हा शनिवार, पुन्हा सोमवारची पहाट. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आत्या गिऱ्हाईकांमधून अशा चालत होत्या, की त्यांच्याकडं बघून वाटलं, जाऊ दे. चाललं तर चाललं.

दसऱ्याच्या दुपारी पुरणपोळी झाली. तिघं ओसरीत बसलो. मिस्टर म्हणाले, "आई, तू जिंकलीस. आता कुठं जायचं नाही. मी आपला येत जाईन शनिवारचा."

आत्या म्हणाल्या, "मी न्हायच जानार. पन हिला घिऊन जा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग कळलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "म्हणजे? काम झालं, आता मी नको? चार महिने मान मोडून बसले ती अशी हाकलून घ्यायला?"

"हाकलत न्हाय गं. तुला जायाचं हाय तितं."

"मी म्हटलं का कधी तसं?"

"म्हनायला कशाला पायजे? मे म्हैन्यात ह्यो बोलला तवा तुजं तोंड बघितलं की मी."

  मग माझ्याच्यानं राहवेना आणि मी सगळं ओकून टाकलं. की सुरुवातीला मी मुद्दाम वरवरचं काम केलं, दुसऱ्यांचे फोटो लावले, रस्ता नीट केला नाही. की नर्सरी बंद पडली तर बरं, असं मला वाटत होतं. बोलता बोलता मी रडायला लागले. वाटलं, आता या बाई माझं तोंड बघणार नाहीत.

"म्हाईत हाय," आत्या म्हणाल्या.

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय व्हनार? तू आनखी भांडी आपटली असतीस." मिस्टरांना हसू आलं, आणि खरं सांगते, रडता रडता मलाही आलं. मग त्या म्हणाल्या, "मला ते पान चालाया पायजे हुतं. म्हनून तर शिकून घेतलं. आता माजं मी काढती फोटू. अंगठा येतोय अजून, पन येऊ दे. झाडांसाटी हितं तुला डांबून ठिवायचं आन ह्येनं तितं एकल्यानं भाकऱ्या थापायच्या, असं मला करायचंच न्हवतं."

मी म्हटलं, "तुम्ही एकट्या राहणार इथं? मला नाही जमायचं असं सोडून जायला."

त्या बसल्या बसल्या पायाच्या बोटाची माती काढत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता, लेकाकडं बघून म्हणाल्या, "तुजा बा कारखान्याला हुता तवा त्येनला बी खोली हुती. आपल्या तिगांपुरती. पयल्या साली म्हनाले, ये. मी म्हनलं, आत्ता रोपं लावल्याती, पानी कोन घालंल? दुसऱ्या साली म्हनाले, ये. मी म्हनलं, ह्या पावसाळ्यात लई गिऱ्हाईक हाय. तिसऱ्यांदा म्हनाले, आता मी बोलवायचो न्हाय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आन न्हायच बोलवलं. मी जायाचं ठरवायच्या आतच त्ये गेल्याची खबर आली."

 फाटकापाशी कुणीतरी हाक मारत होतं, झेंडू आहे का म्हणून. आत्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "ह्यो बोलवतोय तवर जा, पोरी."

मी आत गेले आणि बॅग काढली.